एकाच ढिगाऱ्याची अनेक नावे

(पडद्यावर: मेक्सिको शहर. कोसळलेल्या इमारतीसमोर माणसांच्या रांगा, हातोहात पुढे सरकणाऱ्या बादल्या, वर उचललेल्या मुठी.)

19 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी अकरा वाजता मेक्सिको शहरात भूकंपाची रंगीत तालीम झाली. 1985 साली याच तारखेला झालेल्या भीषण भूकंपाची आठवण म्हणून ही तालीम घेतली जाते. ती आटोपून लोक आपापल्या कामाला लागले आणि दुपारी सव्वा वाजण्याच्या सुमारास जमीन खरोखरच हादरली. शहरातल्या 38 इमारती कोसळल्या. काही वेळातच अनोळखी माणसांनी रांगा लावल्या, दगडविटांनी भरलेल्या बादल्या एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागल्या, आणि वर उभ्या असलेल्या कोणी मूठ उंचावली की खालचा सगळा रस्ता क्षणात गप्प होऊ लागला, कारण आत अडकलेल्या माणसाचा आवाज ऐकायचा होता.

या बादल्यांमध्ये काय होते, हे स्पॅनिशमध्ये दोन शब्दांनी सांगता येते, आणि भाषांतरकाराची अडचण इथूनच सुरू होते. माणूस ज्याच्याखाली अडकला आहे ते ‘एस्कोम्ब्रोस’. तेच दगड, त्याच विटा, तेच सिमेंटचे तुकडे ट्रकमध्ये भरून शहराबाहेर नेले जातात, तेव्हा मेक्सिकोतला ट्रकवाला त्यांना ‘कास्काखो’ म्हणतो. कास्काखोचा मूळ अर्थ खडी, बारीक दगडगोटे. मेक्सिकोत मात्र बांधकाम पाडल्यावर निघणाऱ्या मालाला तो चिकटला आहे. माद्रिदच्या माणसाला हा वापर ओळखीचा वाटेलच असे नाही.

मराठीत भाषांतर करणाऱ्याची इथे सोय आहे, हे आधीच सांगून टाकायला हवे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला, तेव्हा आपण ‘ढिगाऱ्याखाली’ अडकलेल्यांविषयी वाचले. पुण्यात कोणी नदीपात्रात रात्रीतून ट्रक रिकामे केले, तर बातमीत ‘राडारोडा’ असतो. या दोन शब्दांची अदलाबदल कोणी करत नाही. ढिगाऱ्याखाली माणूस असू शकतो आणि राडारोड्याला फक्त मालक असतो, तोही सहसा सापडत नाही. मुंबईत राडारोड्याऐवजी सरळ ‘डेब्रिज’ म्हणतात. फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून महापालिकेच्या फलकावर आलेला हा शब्द आता तिथल्या कंत्राटदाराच्या तोंडी पक्का बसला आहे. त्यामुळे मेक्सिकोच्या चित्रफितीला मराठी उपशीर्षके देताना एस्कोम्ब्रोससाठी ढिगारा आणि कास्काखोसाठी राडारोडा घेतला, तर अर्थ जवळजवळ जसाच्या तसा पोचतो. एक फरक मात्र शब्दांत मावत नाही. किल्लारीतला ढिगारा जाड भिंतींच्या दगडमातीचा होता, मेक्सिको शहरातला एकावर एक बसलेल्या काँक्रीटच्या स्लॅबांचा. तो फरक चित्रालाच दाखवावा लागतो.

जाता जाता एक गंमत. हाच राडारोडा आपल्याकडे बादलीऐवजी घमेल्यात भरला जातो, आणि ‘घमेले’ हा शब्द पोर्तुगीज ‘गामेला’वरून आलेला आहे. स्पॅनिशमध्ये त्याचा सख्खा भाऊ ‘गामेया’, म्हणजे जनावरांना खाणे घालायचे लाकडी पात्र. म्हणजे ढिगाऱ्याला शब्द आपला आणि तो उपसायच्या भांड्याला शब्द आयबेरियाचा, म्हणजे स्पेन-पोर्तुगालकडचा.

(पडद्यावर: मेक्सिको शहराच्या पूर्वेचा सपाट, गवताळ माळ. क्षितिजावर विमानतळाचे दिवे.)

1985 च्या भूकंपानंतर शहरात इतका राडारोडा साचला, की तो टाकायला जागा शोधावी लागली. आटलेल्या तेश्कोको सरोवराच्या तळाशी असलेल्या बोर्दो पोनिएन्ते या भागात तो नेण्यात आला. पुढे शहराचा रोजचा कचराही तिथेच जाऊ लागला आणि ते देशातल्या सर्वांत मोठ्या कचराभूमींपैकी एक बनले. डिसेंबर 2011 मध्ये ते बंद झाले. घरे पडली तेव्हा एस्कोम्ब्रोस, वाहून नेले तेव्हा कास्काखो, आणि त्यावर लाखो घरांचा केर पडल्यावर उरला तो शेवटचा आणि सर्वांत परिचित शब्द, ‘बासुरा’.

बासुरा म्हणजे कचरा, असे कोणताही शब्दकोश सांगेल. पण त्याच्या मुळाशी झाडण्याची क्रिया आहे. लॅटिनमधल्या ‘व्हेर्रेरे’, म्हणजे झाडणे, या धातूपासून तो आला आणि स्पॅनिशमधले ‘बार्रेर’ हे झाडण्याचे क्रियापदही त्याच धातूचे. मराठीत ‘केर काढणे’ हा एकच प्रयोग वस्तू आणि कृती या दोहोंना धरून असतो, तसेच हे नाते. म्हणून घरगुती प्रसंगात बासुरासाठी ‘केर’ किंवा ‘केरकचरा’ हा शब्द ‘कचरा’पेक्षा अधिक जवळचा ठरतो. फिलिपिन्समध्ये तर भाषांतर करावेच लागत नाही, कारण तीन शतकांहून अधिक काळच्या स्पॅनिश सत्तेनंतर तागालोग भाषेत कचऱ्याला ‘बासुरा’ आणि तो उचलणाऱ्याला ‘बासुरेरो’ असेच म्हणतात.

खरा चकवा मात्र स्पेनच्याच भूमीवर आहे. बार्सिलोनात रस्त्यावर स्पॅनिश आणि कातालान या दोन्ही भाषा कानावर पडतात. कातालानमध्ये ‘एस्कोम्ब्रा’ म्हणजे झाडू आणि ‘एस्कोम्ब्रारिएस’ म्हणजे घरातला रोजचा कचरा. फक्त स्पॅनिश शिकून तिथे गेलेल्या माणसाला कचरागाडीवरचा हा शब्द वाचून ती पडलेल्या इमारतींचा ढिगारा वाहते आहे असे वाटले, तर त्याला हसता येणार नाही. दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. वाट मोकळी करणे, अडथळा दूर करणे हा मूळ अर्थ एका भाषेत झाडूकडे वळला आणि दुसरीत पडक्या भिंतींकडे. कातालानमध्ये ढिगाऱ्याला ‘रुना’ म्हणतात. फ्रेंचमधला ‘देकोंब्र’ हाही याच कुळातला, आणि तो मात्र स्पॅनिशप्रमाणे पडझडीशी प्रामाणिक राहिला.

(पडद्यावर: करारांची, कायद्यांची पाने. अक्षरे जवळून.)

आता कागदपत्रांकडे वळू. घरात आणि रस्त्यावर शब्द चुकला, तर फार तर हसे होते. करारात चुकला, तर बंदरात कंटेनर अडकू शकतो. घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्यावर नियंत्रण आणणारा बासेल करार मार्च 1989 मध्ये संमत झाला. त्याच्या सहा अधिकृत भाषांमध्ये स्पॅनिशही आहे आणि त्या मजकुरात कचऱ्यासाठी ‘देसेचोस’ हा शब्द आहे. युरोपीय संघाच्या 2008 च्या कचराविषयक निर्देशाच्या स्पॅनिश मजकुरात मात्र त्याच अर्थाने ‘रेसिदुओस’ आहे. किरणोत्सारी कचऱ्याचेही तेच. आंतरराष्ट्रीय कराराच्या स्पॅनिश मजकुरात तो ‘देसेचोस’ असतो, तर स्पेनमध्ये तो सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीच्या नावातच ‘रेसिदुओस’ आहे. इंग्रजी मजकुरात दोन्हीकडे एकच शब्द असतो. त्यामुळे इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याला हा फरक दिसतही नाही.

दोन्ही शब्दांची मुळे पाहिली, तर त्यांची नजर वेगवेगळ्या दिशांना आहे. देसेचो म्हणजे जे टाकून दिले ते. त्यात टाकणाऱ्याचा हात दिसतो. रेसिदुओ म्हणजे जे मागे उरले ते. गणितातल्या भागाकाराच्या बाकीलाही स्पॅनिशमध्ये रेसिदुओ म्हणतात. लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांच्या नियमांनी या छटेचा उपयोग करून घेतला आहे. ज्यातून अजून काही मिळू शकते तो रेसिदुओ, आणि ज्याचा आता काहीच उपयोग नाही तो देसेचो. मेक्सिकोच्या 2003 च्या कायद्यात रेसिदुओची व्याख्या करताना, त्याचा पुन्हा उपयोग होऊ शकतो ही शक्यता व्याख्येतच घातलेली आहे. अशा मजकुरात दोन्हींसाठी ‘कचरा’ लिहिले, तर कायद्याचा मुद्दाच पुसला जातो.

मराठीत यावर उपाय आहे, फक्त तो सरकारी कोशात शोधू नये. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही जोडी शाळेतल्या हस्तकलेच्या तासापासून आपल्या कानावर आहे. देसेचोला ‘टाकाऊ वस्तू’ हा शब्द नेमका बसतो. रेसिदुओला ‘उर्वरित पदार्थ’ किंवा नुसते ‘उरलेले’ चालते. पण शहराच्या कचऱ्याचा विषय असेल, तर आपल्या नियमांतला ‘घनकचरा’च घ्यावा, कारण वाचणारा अधिकारी तोच शब्द ओळखतो. काही जण रेसिदुओसाठी ‘अवशेष’ लिहितात, आणि माझ्या मते ते टाळलेले बरे. अवशेष हा शब्द हंपीचा असतो, अपघातग्रस्त विमानाचा असतो, किंवा माणसाचा असतो. स्पॅनिशमध्ये त्याची जागा ‘रेस्तोस’ या शब्दाने आधीच घेतली आहे, आणि त्यातला संदिग्धपणाही जसाच्या तसा मराठीसारखा आहे. समुद्रात ‘रेस्तोस’ सापडले अशी बातमी आली, तर ते विमानाचे की प्रवाशांचे, हे पुढच्या वाक्यापर्यंत कळत नाही.

उच्चाराचाही एक सापळा आहे. ‘देसेचो’ हा उच्चार दोन वेगवेगळ्या शब्दांचा आहे. एक म्हणजे टाकाऊ, आणि दुसरा, ज्याच्या लेखनात एक अनुच्चारित अक्षर जास्त असते तो, म्हणजे मोडलेला, विस्कटलेला, दुःखाने खचलेला. स्पॅनिश लिहिणारेही यात सर्रास चुकतात. मुलाखत ऐकून भाषांतर करणाऱ्याला संदर्भावाचून दुसरा आधार नसतो.

‘चातार्रा’ हा शब्द बास्क भाषेतून स्पॅनिशमध्ये आला आणि त्याचा मूळ अर्थ जुने, जुनाट. लोखंडाच्या, मोडक्या गाड्यांच्या संदर्भात त्याला ‘भंगार’ म्हणण्यात काहीच अडचण नाही. पण मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत चिप्स, शीतपेये आणि बर्गर यांना ‘चातार्रा खाणे’ म्हणतात, आणि स्पेनमध्ये त्याच पदार्थांना ‘बासुरा खाणे’ म्हणतात. मराठीत ‘भंगार जेवण’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते भाजी बिघडली होती. इथे ‘जंक फूड’ हाच मराठी शब्द समजावा आणि पुढे जावे. याच्या उलट ‘देस्पेर्दिसिओ’. त्याचा अर्थ नासाडी, वाया गेलेला भाग. एखाद्या पुस्तकात देस्पेर्दिसिओ नाही असे स्पॅनिश समीक्षक म्हणतो, तेव्हा त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टाकण्यासारखे काही नाही, असे म्हणायचे असते.

(पडद्यावर: वालेन्सिया प्रांत, नोव्हेंबर 2024. चिखलाने माखलेल्या गाद्या, फ्रीज, खुर्च्या यांच्या राशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना.)

29 ऑक्टोबर 2024 रोजी वालेन्सिया प्रांतात अतिवृष्टीमुळे महापूर आला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. पाइपोर्ता, कातार्रोखा, आल्फाफार या गावांत पाणी ओसरल्यावर लोकांनी आपापली घरे रस्त्यावर रिकामी केली. त्या राशींसाठी स्पॅनिश बातम्यांमध्ये एक शब्द वारंवार येत होता, ‘एन्सेरेस’. त्याचा अर्थ घरातले सामानसुमान. स्पेनमधल्या नगरपालिका जुने सोफे, कपाटे उचलायला येतात, त्या सेवेच्या सूचनेतही हाच शब्द असतो. म्हणजे वस्तू रस्त्यावर टाकली गेली आणि ती उचलायला गाडी आली, तरी भाषा तिला अजून घरचे सामानच म्हणते. इथे ‘मोठ्या आकाराचा कचरा’ असे भाषांतर तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल. पण ज्या बाईने आपला संसार स्वतःच्या हाताने चिखलातून बाहेर ओढला, तिच्या तोंडी तो घालता येत नाही. तिच्या वाक्यात ‘सामान’च लिहिले पाहिजे, आणि पालिकेच्या निवेदनात वेगळा शब्द घ्यावा लागला तरी तो घ्यावा.

कचऱ्याबरोबर त्यातून जगणाऱ्या माणसांची नावेही भाषांतरात येतात आणि ती अधिक जपून हाताळावी लागतात. मेक्सिकोत ‘पेपेनादोर’ हा शब्द नाहुआत्ल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या वेचणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला. अर्जेंटिनात 2001 च्या आर्थिक संकटानंतर ब्युनोस आयरेसच्या रस्त्यांवर हातगाड्या घेऊन पुठ्ठा गोळा करणारी हजारो माणसे दिसू लागली. ती ‘कार्तोनेरो’, म्हणजे पुठ्ठेवाले. कोलंबियात ती ‘रेसिक्लादोर’ आहेत. या शेवटच्या शब्दाचे शब्दशः इंग्रजी किंवा मराठी केले, तर डोळ्यांसमोर कारखाना उभा राहतो. प्रत्यक्षात तो पाठीवर पोते घेतलेला माणूस आहे. मराठीत त्याला ‘भंगारवाला’ही म्हणता येत नाही, कारण भंगारवाला माल विकत घेतो आणि हा तो वेचतो.

कोलंबियात रेसिक्लादोर हा शब्द आग्रहाने धरला जातो, त्याला कारण आहे. तिथे रस्त्यावर जगणाऱ्या माणसांना ‘देसेचाब्लेस’, म्हणजे फेकून देण्याजोगे, म्हणण्याची पद्धत होती, आणि 1992 साली बारांकिया शहरात कचरा वेचणाऱ्यांना आमिष दाखवून बोलावून ठार मारल्याचे उघडकीला आले. 1 मार्च हा जागतिक कचरावेचक दिन त्या घटनेच्या स्मरणार्थ पाळला जातो. मार्च 2008 मध्ये बोगोटा शहरात कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद भरली. तिथे इंग्रजीतल्या हिणवणाऱ्या शब्दांऐवजी कोणता शब्द वापरावा हेही ठरले, आणि तो शब्द म्हणजे आपल्या ‘कचरावेचक’ला अगदी तंतोतंत जुळणारा. ब्राझीलने त्याआधीच, 2002 मध्ये, आपल्या अधिकृत व्यवसायसूचीत या कामाला पोर्तुगीज नाव देऊन जागा दिली होती.

(पडद्यावर: पुण्यातील वर्गीकरणाची शेड. जाड पुठ्ठा, पांढरा कागद, पेटच्या बाटल्या वेगवेगळ्या पोत्यांत.)

1993 साली पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी आपली संघटना स्थापन केली. तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. ब्युनोस आयरेसमध्ये हे नाव पोचवायचे असेल, तर बासुरा, देसेचो आणि रेसिदुओ हे तिन्ही शब्द बाजूला ठेवावे लागतील, कारण मूळ नावात त्यांपैकी एकही नाही. कागद, काच आणि पत्रा हा बाजारात भाव असलेला माल आहे, आणि कार्तोनेरोला तो कोणी समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. अडेल ते फक्त ‘पंचायत’ या शब्दापाशी.