डाटा पुढच्या दारानं, मॅनेजमेंट परसदारानं

सांगलीत मार्केट यार्डाच्या बाजूला एका बिल्डिंगचा हा दुसरा मजला, गिऱ्हाईकांना नेट पुरवायची आमची मशीन इथं आहेत. आत पंख्यांचा एकसारखा आवाज, खालच्या गल्लीतून हळदीचा वास येतोय, आणि वासाबरोबर बारीक पूड पण येते, ते पुढं सांगतो.

दुसरा मजला का, तर 2019 चा पूर. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आणि त्या ऑगस्टात पाणी 57 फुटांपर्यंत चढलं, ते बघितल्यापासून मी तळमजल्यावर मशीन ठेवत नाही.

आता हा स्विच बघा, नेटच्या केबली एकमेकींना जोडणारं मशीन. समोर ओळीनं केबल खोचायची तोंडं आहेत ते डाटा पोर्ट, गिऱ्हाईकांचं सगळं नेट यातनं जातं. कडेला दोन पोर्ट वेगळे आहेत, मशीनची सेटिंग करायचे, कन्सोल आणि मॅनेजमेंट, दोन्हीचं तोंड सारखंच, आरजे 45, म्हणजे साध्या लॅन केबलचंच, आणि नवीन पोरं इथंच फसतात, कन्सोलमध्ये साधी लॅन केबल घालून लाईट का लागत नाही म्हणून बघत बसतात. कन्सोल इथरनेट, म्हणजे लॅनचा पोर्ट, नाहीच, सिरीयल आहे, एकामागून एक बिट पाठवणारा, त्याला रोलओव्हर केबल लागते, एका टोकाला तारा उलट्या क्रमानं लावलेली, लॅपटॉपला यूएसबी कन्व्हर्टर, आणि बऱ्याच मशीनला स्पीड सेकंदाला 9600 बिट. स्पीड चुकला की स्क्रीनवर नुसता कचरा येतो. तिथून एकदा मॅनेजमेंट पोर्टला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, दिला की मग लांबूनही आत शिरता येतं.

पण त्या पोर्टची वाट वेगळी पाहिजे. मी एकदा रात्री घरी बसून तासगावच्या मशीनच्या अपलिंकवर, म्हणजे पुढच्या नेटवर्ककडं जाणाऱ्या लाईनीवर, व्हीलॅन (एकाच केबलीवरच्या वेगवेगळ्या नेटवर्कची विभागणी) बदलत होतो, आणि ज्या लाईनीनं आत गेलो होतो ती लाईन तीच. एंटर मारला आणि सगळं गप. लोकांचं नेट गेलंच पण मला दुरुस्त करायलाही वाट उरली नाही, मग भर पावसात गाडी काढली, तिथं जाऊन कन्सोल लावला आणि जुनी सेटिंग परत घातली. वाड्याला परसदार का असायचं ते त्या रात्री कळलं. आता मॅनेजमेंटची केबल एका वेगळ्या छोट्या स्विचला जाते आणि तिथनं 4जी राऊटरला, आपल्या फायबरशी तिचा काही संबंध नाही.

आणि ती हळद. सिंगल मोड फायबरमध्ये उजेड जातो तो भाग फक्त 9 मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, त्याच्या तोंडावर पुडीचा एक कण बसला तरी सिग्नल पडतो, आणि तसंच खोचलं तर एसएफपीच्या, म्हणजे फायबर जोडायला स्विचमध्ये बसवतात त्या छोट्या तुकड्याच्या, आतली काचपण खराब होते. म्हणून टोपण काढलं की आधी क्लिनर पेन, मगच जोडायचं, दरवेळी, केबल नवी कोरी असली तरी. टोपणं खिशात टाकायची नाहीत, खिशातच जास्त धूळ असते. आणि तोंडात डोळा घालून बघायचं नाही, हा लेझर दिसत नाही पण डोळा जाऊ शकतो.

दोन तारांची जोडी असली तर इकडचा टीएक्स (पाठवणारा) तिकडच्या आरएक्सला (घेणाऱ्याला). टक असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर बसलं नाही.

हा हिरवा लाईट लागला, लिंक आली.

मॅनेजमेंटची केबल मी मुद्दाम लाल घेतलीय, दोन्ही टोकांना नंबर चिकटवलाय, आणि पोरांना सांगून ठेवलंय की लालला हात लावायच्या आधी मला फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.