बोअरचं पाणी आणि घरातलं वॉशिंग मशीन

श्रोतेहो, नमस्कार.

बोअरचं पाणी तापवलं की पातेल्याच्या आत पांढरा थर चढतो. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला, हिटरच्या कॉईलवर, सगळीकडं तो आपण बघतो. वॉशिंग मशीनमध्येही तोच थर चढत असतो, पण आतल्या टबच्या मागं, कुणाच्या नजरेला न पडता. आपल्या मराठवाड्याच्या काळ्या खडकातल्या भेगांमधून पाणी मुरतं, तेव्हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येतं. पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. कपडे धुवायला मात्र २०० सुद्धा जडच.

जड पाण्यात फेस कमी येतो. मग आपण काय करतो? पावडर आणखी एक वाटी टाकतो! आणि मशीन नासायला खरी सुरुवात इथंच होते. जादा पावडर नीट खंगाळली जात नाही. क्षार, पावडर आणि कपड्यांचा भुगा मिळून टबच्या मागं चिकट काळपट साका बसतो. धुतलेल्या कपड्यांना येणारा कुबट वास या साक्याचा असतो. म्हणून पावडर वाढवण्याऐवजी सुती कपड्यांच्या धुण्यात आधी एक-दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवून घाला, पाणी थोडं हलकं होतं. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना मात्र सोडा नको.

साचलेला थर काढायला लिंबूसत्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, उत्तम. मशीनसोबतच्या पुस्तिकेत वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर सहा-सात किलोच्या मशीनला साधारण १०० ग्रॅम घ्या. पाणी तापवणारं मशीन असेल तर कपडे न टाकता ६० अंशांवर चालवा. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर हात बुडवता येईल इतकं गरम पाणी टबात भरा, उकळतं ओतू नका. लिंबूसत्व टाकून पाच मिनिटं फिरवा, तासभर तसंच राहू द्या, पुन्हा फिरवून पाणी सोडा आणि साध्या पाण्यानं एकदा खंगाळा.

दोन गोष्टी कळकळीनं सांगते. लिंबूसत्वासोबत ब्लीच कधीही घालू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि संडास साफ करायचं ॲसिड मशीनमध्ये अजिबात नको, ते स्टीलचा ड्रम खातं.

आता त्या टबभर पाण्याचं काय करायचं? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तो उन्हाळा काढलेल्या माणसाला पाणी असं गटारात सोडणं जिवावर येतं, आणि यायलाच हवं. ते बादल्यांत धरा. बाथरूमच्या चिनी मातीच्या टाईल्सवर ओतून घासलं, तर त्यांच्यावरचे डागही निघतात. शहाबादी फरशीवर मात्र थेंबही पडू देऊ नका. ती चुनखडीची असते, आम्लानं तिची चकाकी जाते. नंतरचं खंगाळलेलं पाणी संडासात वापरा.

हे दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे. रोजचं काम त्याहून सोपं आहे. धुणं झालं की झाकण उघडं ठेवा, दाराचं रबर कोरडं पुसा, भुगा अडवणारी जाळी रिकामी करा. पुढून दार असलेल्या मशीनला खाली पंपाचा फिल्टर असतो, त्यात नाणी आणि बटणं अडकतात. तो काढण्याआधी प्लग काढा आणि खाली परात ठेवा. घरात लहान मूल असेल, तर उघड्या दाराकडं लक्ष असू द्या.

शेवटी आपल्याकडची एक खास अडचण. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, टाकीत टँकर उतरतो आणि पहिल्या धारेबरोबर गाळ येतो. मशीनला पाणी आणणाऱ्या पाइपच्या टोकाशी बारीक जाळी असते, तिथं तो अडकतो. मशीन पाणी घेईना झालं, की मेकॅनिकला बोलावण्याआधी नळ बंद करा, पाइप सोडवा आणि ती जाळी जुन्या टूथब्रशनं घासून बघा.

नमस्कार.