निवाडा हाती पडल्यानंतरचे दिवस

आज मी अपिलाच्या युक्तिवादापेक्षा अपिलापूर्वीच्या दिवसांविषयी अधिक बोलणार आहे, कारण बाजू भक्कम असूनही त्या दिवसांत गाफील राहिल्यामुळे अडचणीत आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

काही वर्षांपूर्वी पेडण्याकडची एक आई माझ्याकडे आली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने मुलाच्या खटल्याचा निवाडा काढला. पन्नासेक पाने होती. चुरगळलेले होते ते फक्त शेवटचे पान. "वकीलबाब, दहा वर्षे, एवढेच आम्हाला कळले," ती म्हणाली. निवाडा इंग्रजीत होता, घरात तो वाचणारे कोणी नव्हते, आणि चतुर्थी झाल्यावर बघू, असे म्हणता म्हणता मुदत उलटून गेली होती.

सत्र न्यायालयाने शिक्षा दिली असेल, तर अपील पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे जाते आणि त्याला 60 दिवसांची मुदत असते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात 30 दिवसांत जावे लागते. प्रमाणित प्रत मिळवण्यात जाणारा काळ या मुदतीतून वगळला जातो, आणि उशिराचे कारण खरे व पुरेसे असेल, तर न्यायालय विलंब माफ करू शकते.

कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निवाड्याची प्रत ताबडतोब आणि विनामूल्य द्यावी, असे कायदा सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 404 मध्ये याहून मोलाची एक तरतूद आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते: आरोपीने अर्ज करून मागितल्यास, शक्य असेल तेथे, त्याच्या स्वतःच्या भाषेतला अनुवाद त्याला द्यायचा असतो, आणि निवाडा अपीलयोग्य असेल तर तोही फुकट. मराठीत किंवा कोंकणीत विचार करणाऱ्या माणसाला आपण कशासाठी दोषी ठरलो हे समजणे, ही मला न्यायाची पहिली पायरी वाटते. तो अर्ज जरूर करा.

कोलवाळच्या तुरुंगात असलेला कैदी आपले अपील तुरुंगाधिकाऱ्यांमार्फत पाठवू शकतो. वकील परवडत नसेल, तर कोठडीतील व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. निवाड्याची प्रत आणि वकील हे दोन्ही कैद्याचे हक्क आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने होस्कोट प्रकरणात 1978 सालीच सांगितले होते.

अपिलात सहसा नवे साक्षीदार येत नाहीत. उच्च न्यायालय नोंदवलेला पुरावाच नव्याने तपासते, म्हणून कागद नीट वाचणे हेच खरे काम. अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करून जामीन मागता येतो, पण त्याने दोषसिद्धी पुसली जात नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगावे लागते.

त्या आईला मी संध्याकाळी बसवून निवाडा मराठीत वाचून दाखवला. जप्तीच्या पंचनाम्याची वेळ आली तशी ती थांबली आणि म्हणाली, "त्या वेळी आमचे घर बंद होते, मी बाजारात होते." आम्ही उलटतपासणीची पाने काढली. पंचानेच कबूल केले होते की दाराला कुलूप होते, आणि निवाड्यात त्या वाक्याचा उल्लेखही नव्हता. विलंब माफीच्या अर्जासोबत अपील तयार केले, तेव्हा हाच मुद्दा आम्ही पहिला लिहिला.