फ्रिजमधले अर्धा लिटर

श्रोतेहो, नमस्कार. लोणचे मीठ-तेलाने टिकते आणि मुरांबा साखरेने, हे आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे डायलिसिसच्या द्रावणाची पिशवी महिनोन्‌महिने टिकते म्हटल्यावर तिच्यात काय घातले असेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे.

आमच्या नारायण पेठेतल्या मामांना ती आली. पोटाचे डायलिसिस, म्हणजे नळीने पोटाच्या पोकळीत द्रावण सोडून रक्तातली घाण काढणे, ते घरीच करत. दिवसातून चार वेळा, दर वेळी दोन लिटर. हिशेबखात्यात जन्म गेलेल्या मामांनी भिंग घेऊन पिशवीवरचा मजकूर वाचला: डेक्स्ट्रोज, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लॅक्टेट. परिरक्षकाचे, म्हणजे वस्तू टिकावी म्हणून घालतात त्या रसायनाचे, नाव कुठेच नव्हते. “छापले नसेल, घातले असणारच,” हा त्यांचा निष्कर्ष. पुढे डॉक्टरांनी एका वेळचे प्रमाण दीड लिटरवर आणले, तेव्हा उरलेले अर्धा लिटर मामांनी चिमटा लावून फ्रिजमध्ये ताकाच्या भांड्याशेजारी ठेवले. टिकाऊ वस्तू ओतून द्यायची कशी? घरी आलेल्या परिचारिकेने ती पिशवी पाहिली आणि त्या शांतपणे म्हणाल्या, “काका, यात टिकवणारे काहीच नाही, म्हणून तर उरलेले टाकायचे.”

पुन्हा सांगतो: या द्रावणात परिरक्षक नसतो. डोळ्यांच्या थेंबांत तो चालतो, कारण तिथे मात्रा थेंबाची असते. इथे दिवसाला आठ लिटर पोटात जातात. पिशवी टिकते ती सीलबंद करून वाफेच्या उष्णतेने निर्जंतुक केल्यामुळे. मुरांब्यातली साखर दाट असते म्हणून राखते. इथली दीड ते सव्वाचार टक्के साखर जंतूंना आयते खाद्यच. (दुकानातल्या लोणच्यांवर ‘परिरक्षकमुक्त’ असे मिरवतात, मिठाने मुरलेल्या लोणच्याला तो हवाच कशाला?)

काळजी करायचीच तर त्या उष्णतेची करावी. तापवलेल्या साखरेतून तयार होणारे काही पदार्थ पोटातल्या पडद्याला हळूहळू इजा करतात. ते कमी व्हावेत म्हणून द्रावण आम्लधर्मी ठेवतात, किंवा दोन कप्प्यांच्या पिशवीत साखर वेगळी ठेवून वापरण्यापूर्वी मिसळतात.

मामांनी ते अर्धा लिटर मोरीत ओतले आणि वहीत तारखेनिशी नोंदले: “नुकसान, 500 मिली.”