ठिणगी किती लांब उडते?

[दृश्य : गॅरेज, लाकडी स्टँडवर मोटार]

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं हे एक गॅरेज. स्टँडला आवळून ठेवलेली ही जॉन्सन सी-हॉर्स, साडेपाच हॉर्सपॉवरची, 1950च्या दशकातली. होडीच्या मागच्या फळीला लावायची मोटार. भंगारात निघाली होती, कारण चालू होत नव्हती. एवढ्यावरून ती टाकून द्यायची नसते. आधी करंट बघायचा.

[दृश्य : दोन्ही प्लग काढताना]

पेट्रोलची टाकी बाहेर नेलेली आहे. ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एका खोलीत नको. दोन्ही प्लग काढले, त्यामुळे इंजिन हलकं फिरतं. आता हे टेस्टर नीट पाहा. दोन टोकं, मधली फट कमीजास्त करता येते. फट ठेवली आहे पाव इंच, म्हणजे साधारण सहा मिलिमीटर. एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरं प्लगच्या वायरीला. दुसऱ्या सिलिंडरची वायरही तशीच जोडायची. ती लोंबकळत ठेवली तर हजारो व्होल्टना बाहेर जायला वाट मिळत नाही आणि ते कॉइलचं इन्सुलेशन फोडतात.

[दृश्य : दिवा बंद, दोरी ओढतात]

दोरी जोरात ओढायची. हळू फिरवलं तर चांगल्या मॅग्नेटोचीही, म्हणजे चुंबक फिरवून वीज तयार करणाऱ्या यंत्रणेचीही, ठिणगी पडत नाही. खालच्या सिलिंडरची बघा, निळी आणि कडक, आवाजही येतो. वरची मात्र येत नाही.

बहुतेक जण प्लगच इंजिनला टेकवतात, दोरी ओढतात, ठिणगी दिसली की समाधान मानतात आणि कार्बोरेटर उघडायला घेतात. इथेच फसगत होते. प्लगची फट मिलिमीटरहून कमी असते, आणि उघड्या हवेत तेवढी फट अशक्त ठिणगीही ओलांडते. सिलिंडरमध्ये दाबलेलं मिश्रण असतं, तिथे तीच ठिणगी उडत नाही. म्हणून पाव इंचाची परीक्षा.

[दृश्य : पुलर लावून फ्लायव्हील सुटताना]

फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या डोक्यावरचं जड चाक. त्याचा नट काढून तीन बोल्टचा पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं अवजार, लावला. हातोडीने ठोकलं असतं तर चाक ज्यावर बसतं त्या दांड्याला, क्रँकशाफ्टला, इजा झाली असती. फ्लायव्हीलच्या आत लोहचुंबक आहेत. खाली प्लेटवर दोन कॉइल, दोन पॉइंट (प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क), दोन कंडेन्सर, प्रत्येक सिलिंडरला एकेक. बॅटरी कुठेच नाही. चुंबक कॉइलजवळून फिरतात, आतल्या जाड तारेत प्रवाह येतो. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांमध्ये तो दणका तयार होतो. पॉइंटवरच ठिणगी पडू नये हे काम कंडेन्सरचं. जुन्या बजाज स्कूटरचे पॉइंट ज्यांनी घासलेत, त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही.

[दृश्य : जुनी छायाचित्रं]

ओले एव्हिनरूड नॉर्वेत जन्मले, विस्कॉन्सिनमध्ये वाढले. 1909 साली मिलवॉकीत त्यांनी दीड हॉर्सपॉवरची मोटार विकायला काढली, वजन 62 पौंड. सुरुवातीच्या मोटारींना ठिणगीसाठी बॅटरी लागे. पुढे मॅग्नेटो फ्लायव्हीलमध्येच बसला आणि होडीत बॅटरी न्यायची गरज उरली नाही. मिशिगन सरोवराकाठच्या वॉकीगनमध्ये जॉन्सनचा कारखाना होता. 1936 मध्ये एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावं एका कंपनीखाली आली. त्या कारखान्यातून पीसीबीसारखं विषारी रसायन वॉकीगनच्या बंदरात गेलं, आणि 2000च्या डिसेंबरात कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

[दृश्य : पॉइंट, अगदी जवळून]

पॉइंटच्या तोंडावर करडा थर दिसतोय. वर्षानुवर्षं पडून राहिल्याने चढलेला हा थर प्रवाह अडवतो. बारीक कानस एकदाच फिरवायची, मग सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला जाड कागद मधून ओढायचा. बोटाचं तेलही लागू द्यायचं नाही. पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पट्टीने, फट बघायची : 20 हजारांश इंच, अर्धा मिलिमीटर.

आता वरच्या सिलिंडरची कॉइल. तिच्या कवचाला ही भेग. या काळातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूडच्या कॉइल अशाच तडकतात, आत दमट हवा शिरते. नवी कॉइल अजूनही बाजारात मिळते. दोन स्क्रू, एक वायर, आणि तिची टोकं प्लेटवरच्या उंचवट्यांशी तंतोतंत जुळवायची. चुकून बाहेर राहिली तर फ्लायव्हील घासतं.

[दृश्य : पुन्हा अंधार, पुन्हा टेस्टर]

फ्लायव्हील दांड्यावर सरकू न देणारी छोटी धातूची चावी खाचेत, फ्लायव्हील जागेवर, नट टॉर्क पान्याने आवळलेला. दोरी. वर निळी, खाली निळी, दोन्ही पाव इंच ओलांडून.

[दृश्य : पाण्याच्या ड्रममध्ये मोटार]

पंपाचा रबरी पंखा कोरडा फिरला तर जातो, म्हणून हा ड्रम. मोटार चालू झाली आहे, दोन्ही सिलिंडरवर. पण खालची कॉइल त्याच जुन्या जातीची आहे. आज ठिणगी देते, गरम झाल्यावर देईलच याचा भरवसा नाही. ती बदलूनच मोटार तळ्यावर जाईल.