16, 18 की 20 इंच? मधल्या चेनसॉचा बार आणि चेन

[दृश्य : आडवा पडलेला ओंडका. चेनसॉ पूर्ण वेगात, ढलप्यांचा फवारा. हळूहळू संथगती.]

नेहमीच्या वेगात इथे नुसता एक राखाडी पट्टा दिसतो. 7 दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, .325 इंच पिचची चेन (पिच म्हणजे चेनच्या रिव्हेटमधलं सरासरी अंतर, ते पुढे मोजू) आणि मिनिटाला 10,000 फेरे असा हिशेब मांडला, तर ही चेन सेकंदाला 19 मीटरहून जास्त धावते. आता वेग उतरवला, तसे दात सुटे सुटे दिसू लागले.

दाताच्या पुढचा हा बोथट उंचवटा बघा. हा डेप्थ गेज. आधी तो लाकडावर टेकतो आणि सरकतो. मागून येणारी धार त्याच्याहून जेमतेम 0.65 मिलिमीटर उंच असते, आणि ढलपी किती जाड निघणार ते या एवढ्याशा फरकावर ठरतं. एक दात डावा, पुढचा उजवा, पुन्हा डावा. डावा खाचेची डावी भिंत कापतो, उजवा उजवी, आणि मधलं लाकूड दोघं मिळून उचलून बाहेर फेकतात. अशा जाड, लांबट ढलप्या उडताहेत तोवर चेनला धार आहे. पिठासारखा भुसा यायला लागला की कानस काढायची.

[दृश्य : टेबलावर तीन बार, शेजारी शेजारी. मोजपट्टी पुढे सरकते.]

मधला चेनसॉ म्हणजे साधारण 45 ते 60 सीसीचं इंजिन, ताकद 3 ते 5 अश्वशक्तीच्या घरात. त्यातल्या पुष्कळ यंत्रांना हे तिन्ही बार, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते त्या पट्ट्या, बसतात : 16, 18 आणि 20 इंच. हात आधी 20 कडे जातो. लांब बार हातात रुबाबदार दिसतो, ते नाकारून चालणार नाही. पण या फिल्ममध्ये आम्ही आखूड बारची बाजू घेणार आहोत, हे आत्ताच सांगून टाकतो.

आधी मोजायचं कसं ते पाहू. बारची लांबी म्हणजे त्याची कापणारी लांबी. यंत्राच्या पुढच्या कडेपासून टोकापर्यंत. झाकणाखाली दडलेली शेपटी त्यात धरत नाहीत. मोजपट्टीवर 17 आणि वर थोडं आलं, तर तो 18 चा बार. आकडा पुढच्या सम इंचावर नेतात. बार सोडवून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला, तर भलताच आकडा हाती लागतो आणि भलताच बार घरी येतो.

आता किती लांब हवा? वर्षातून एकदा गाठ पडणाऱ्या अजस्र खोडाचा विचार बाजूला ठेवा. जो ओंडका नेहमी समोर येतो, त्याची जाडी घ्या आणि तीत दोन इंच मिळवा. 12 ते 14 इंचांची खोडं असतील, तर 16 चा बार पुरून उरतो. जाड खोड आलंच, तर ते दोन्ही बाजूंनी कापता येतं; त्याला सरावलेला हात मात्र हवा.

[दृश्य : दातांना लाल रंग. बार ओंडक्यात अर्धवट रुतलेला, कॅमेरा वरून.]

दात मोजता यावेत म्हणून लाल रंगवले आहेत. .325 च्या चेनवर एका दातापासून पुढच्या दातापर्यंत 33 मिलिमीटर अंतर असतं. हा ओंडका 40 सेंटिमीटर जाड आहे, म्हणजे एका क्षणी 12 दात लाकडात आहेत. ओंडका 50 सेंटिमीटरचा असता तर 15 असते. यातला प्रत्येक दात त्याच इंजिनाकडून आपला वाटा मागतो.

[दृश्य : 20 इंची बार, कठीण लाकूड. फक्त यंत्राचा आवाज.]

ऐका. आवाज बसतोय. 50 सीसीचं इंजिन आणि कठीण लाकडात पूर्ण बुडालेला 20 इंचाचा बार. फेरे उतरले की चालवणारा काय करतो? वरून रेटतो. रेटलं की फेरे आणखी उतरतात, क्लच घसरून तापतो, आणि कापाला लागणारा वेळ वाढतच जातो.

[दृश्य : तोच ओंडका, बारीक बाजू. 16 इंची बार.]

आणि हा त्याच यंत्रावर 16 चा. बार स्वतःच्या वजनाने खाली उतरतोय. हातांनी फक्त धरलं आहे.

आखूड बारचे आणखी फायदे आहेत, ते घाईने सांगतो. नाक, म्हणजे बारचं टोक, हलकं राहतं, त्यामुळे कंबर आणि मनगट कमी दुखतं. तेलाचा पंप तोच असतो, त्यामुळे टोकापर्यंत तेल पोचण्याची खात्री जास्त. आणि घासायला दात कमी : .325 ची 66 ड्राइव्ह लिंकची (म्हणजे बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची) चेन 16 इंची बारवर चालते, तिला 33 दात. 20 इंची बारच्या 80 लिंकच्या चेनला 40.

[दृश्य : कापलेला बुंधा, पोखरलेल्या वाटा. एक जाड, पांढरट अळी. जबड्याचा क्लोजअप.]

इथे थोडं रेंगाळू, कारण या अळीशिवाय मघाचा दात आज दिसतो तसा दिसला नसता.

चेनसॉ त्याच्या आधीपासून होते. आंद्रेआस श्टील या जर्मन अभियंत्याने विजेवर चालणारा चेनसॉ 1926 साली आणि पेट्रोलवरचा 1929 साली आणला. पण तेव्हाच्या चेनवर हातकरवतीसारखेच दात असायचे. काही टोकदार, लाकडाचे तंतू ओरबाडणारे. काही मधलं लाकूड खरवडून काढणारे. ते लवकर बोथट व्हायचे आणि त्यांना धार लावणं हे मोठं वेळखाऊ काम होतं.

1946 साली अमेरिकेत, ऑरेगनमध्ये, जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याचं लक्ष एका बुंध्याकडे गेलं. आत अळी होती, लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची, माणसाच्या बोटाएवढी. घट्ट, निरोगी लाकूड ती सहज खात चालली होती. तंतूंच्या दिशेने आणि तंतूंना आडवीही. लाकडाशी ज्याने काम केलं आहे, त्याला यातलं नवल लगेच कळेल, कारण आडवं कापणं हेच तर अवघड असतं.

[दृश्य : डावीकडे अळीचे जबडे, उजवीकडे चेनचे दात. दोन्ही एकाच मापात.]

कॉक्सने जबडे निरखून पाहिले. इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले दोन जबडे, एक डावीकडे खातो, एक उजवीकडे. तोच बाक त्याने घराच्या तळघरात पोलादात उतरवला. 1947 साली ती चेन विक्रीला आली. आज चालणाऱ्या बहुतेक चेनींचे दात त्याच घराण्यातले आहेत. पडद्याच्या दोन्ही बाजू आलटून पालटून पाहा. आणखी काही सांगायची गरज नाही.

[दृश्य : कॅलिपर. तीन रिव्हेटवर खुणा.]

चेन घेताना तीन आकडे लागतात. पहिला पिच. लागोपाठ तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि निम्मे करा. मधल्या यंत्रांवर मुख्यतः दोन पिच भेटतात. .325 इंच, म्हणजे 8.25 मिलिमीटर. आणि 3/8, म्हणजे तीन सूत. नावाला तीन सूत, मोजाल तर 9.3 मिलिमीटरच भरतं.

3/8 चे दात मोठे, चेन दणकट, आणि म्हणून पुष्कळांना तीच बरी वाटते. पण 7 दातांच्या स्प्रॉकेटवर .325 ची चेन एका फेऱ्यात साडेअकरा सेंटिमीटर पुढे जाते, 3/8 ची तेरा. सायकलला वरचा गियर टाकल्यासारखं होतं : वेग वाढतो, ओढ कमी होते. साठीच्या जवळच्या इंजिनाला ते पेलतं. 50 सीसीच्या आसपास .325 च बरी, असं आमचं मत.

3/8 लो प्रोफाइल नावाची एक तिसरी चेन आहे, लहान यंत्रांची. पिचचा आकडा सारखा म्हणून तिला मोठ्या 3/8 च्या जागी चढवू नका. तिचे दात ठेंगणे, कानस 4 मिलिमीटरची. .325 ला बहुतेक 4.8 ची गोल कानस लागते, मोठ्या 3/8 ला 5.2 किंवा 5.5 ची.

[दृश्य : झाकण उघडलेलं, स्प्रॉकेट. मग बारच्या नाकातलं छोटं चाक.]

पिच बदलायचा तर चेन एकटी बदलून भागत नाही. हे स्प्रॉकेट आणि बारच्या नाकातलं हे चाक, दोन्ही त्याच पिचचे हवेत. या स्प्रॉकेटवर चेनने कोरलेले खड्डे दिसताहेत? यावर नवी चेन चढवली, तर तीही लवकर झिजेल. दोन चेन संपल्या की स्प्रॉकेट बदलायचं.

दुसरा आकडा गेज, म्हणजे ड्राइव्ह लिंकची जाडी, म्हणजेच बारच्या खाचेची रुंदी. 1.3, 1.5 किंवा 1.6 मिलिमीटर. जाड चेन अरुंद खाचेत शिरतच नाही, त्यामुळे तिथे फसगत होत नाही. उलटं केलं तर गडबड : बारीक चेन रुंद खाचेत डुगडुगते आणि काप तिरका जातो.

[दृश्य : चेन टेबलावर पसरलेली, पेनाने एकेक लिंक मोजणारं बोट.]

तिसरा आकडा ड्राइव्ह लिंकची संख्या. मोजायला कंटाळवाणं, पण याला पर्याय नाही. 18 इंची बार, .325 पिच, एवढं सांगून चेन मागितली, तर यंत्राप्रमाणे ती 68 लिंकची असेल, 72 ची असेल किंवा 74 ची. बारच्या शेपटीजवळ हे तिन्ही आकडे कोरलेले असतात. तेलाने काळवंडलेला भाग पुसा, दिसतील.

[दृश्य : दोन दात, भिंगाखाली.]

एकच गोष्ट राहिली, दाताचा कोपरा. डावीकडचा काटकोनी, फुल चिझेल. स्वच्छ, मऊ लाकडात हा फार झपाट्याने जातो. सालीत माती असेल, तर मात्र थोड्याच वेळात त्याची धार गेलेली असते. उजवीकडचा गोलसर, सेमी चिझेल. थोडा मंद, पण मळक्या, सुकलेल्या, कठीण लाकडात टिकून राहतो. पडलेली झाडं, जमिनीवर ओढून आणलेले ओंडके, असं काम असेल तर सेमी चिझेल घ्या. ओंडक्याच्या उभ्या फळ्या पाडायच्या असतील, तर चेनच वेगळी. तिच्या धारेचा कोन नेहमीच्या 30 अंशांऐवजी 10 च्या आसपास असतो.

[दृश्य : बारचं टोक, वरचा चतुर्थांश लाल. हात चेनब्रेक पुढे ढकलतो.]

हा लाल भाग चालू असताना लाकडाला टेकला, तर बार क्षणात तोंडाकडे उसळतो. याने माणसं मेली आहेत. नवशिक्याने कमी उसळणारी चेन घ्यावी, चेनब्रेक, म्हणजे चेन थांबवणारा हा ब्रेक, रोज तपासावा.

[दृश्य : नवा बार, नवी चेन. बसवणी, कापणी नाही.]

बसवताना धारा वरच्या बाजूने नाकाकडे धावतील अशा ठेवायच्या. नाक हाताने वर उचलून धरा, ताण द्या, मगच नट आवळा. खालून चेन लोंबता कामा नये, आणि हातमोजा घालून ओढली तर ती सरकली पाहिजे. चेन घासायला काढाल तेव्हा बार उलटा करून बसवा, दोन्ही कडा सारख्या झिजतात. तेलाचं भोक काडीने मोकळं करा. नवी चेन पहिल्या काही कापांतच ढिली पडते, तेव्हा यंत्र बंद करून ताण पुन्हा द्यावा लागतो. आणि गरम चेनवर ताण वाढवला असेल, तर काम संपल्यावर तो आठवणीने उतरवायचा, कारण गार होताना चेन आखडते.