हत्ती, उंट आणि पाणघोडा

(दृश्य: सहा-सात वर्षांची मुलं गोल करून बसली आहेत. बाईंचा हात मांडीवर ठेका धरतोय.)

निवेदन:

फळा कोरा आहे, पेटी मिटलेली. बाई म्हणतात आणि त्यांच्यामागून सगळा वर्ग:

हत्ती आला होडीपाशी,
होडी म्हणते, "पुरे, पुरे!"
हत्ती म्हणतो, "सोंडच आली,
हत्ती सगळा अजुन उरे!"

हे गाणं बाईंनीच जुळवलंय. पाठ करून घ्यायची त्यांना घाई नाही. आधी टाळ्या. मात्रा म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळेचं माप: लघु (आखूड) अक्षराची एक, गुरू (लांब) अक्षराच्या दोन, हे मुलांना कुणी सांगितलेलं नाही. पण 'हत्ती आला' म्हणताना आठ मात्रांचा केरवा ताल त्यांच्या हाताला आपोआप सापडतो. 'पुरे, पुरे'नंतर मात्र दोन मात्रा रिकाम्या राहतात आणि मुलं तिथे हमखास पुढच्या ओळीवर उडी मारतात. बाई तेवढ्या जागेत मान डोलवायला सांगतात. ओळ वेळेवर सुरू होते.

(दृश्य: एक मुलगा हात वर करतो.)

"बाई, 'अजून'ला दुसरा उकार असतो!"

बरोबर आहे त्याचं. बाई त्यालाच दीर्घ 'जू' लावून म्हणायला सांगतात. ओळ एका मात्रेने लांबते, टाळी निसटते, वर्ग खिदळतो. कवितेत ऱ्हस्व-दीर्घाची सूट का घेतात, याचं इतकं चोख उत्तर व्याकरणाच्या तासाला क्वचितच मिळतं.

आता खरा खेळ. हत्तीच्या जागी दुसरा प्राणी बसवायचा. 'गेंडा आला होडीपाशी' चपखल बसतं. 'उंट आला' म्हणताच ओळ लंगडते. कुणी 'उंटू' करून पाहतं, कुणी 'उंटच', दोन्ही चालतात. पण बाई उंटाला होडीतून उतरवतात आणि टाळीच बदलतात:

उंट चले, वाट डुले,
पाठ हले, पोट हले!

'उंट' तीन मात्रांचा. सहा मात्रांच्या दादरा तालात तो ऐटीत चालतो. शब्द चुकीचा नव्हता, ताल त्याचा नव्हता. मुलांची चूक खोडण्यापेक्षा तिला जागा शोधून देणारी ही पद्धत मला तरी सगळ्यात मोलाची वाटते.

(दृश्य: मुलं डुलत चालतात. मागे पेटीचा सूर.)

पेटी आत्ता उघडते. आधी बोलणं, टाळी, चालणं आणि मग वाद्य, हाच क्रम जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांनीही मुलांच्या संगीतशिक्षणात धरला होता. इथे चाल फक्त सा, रे, ग या तीन सुरांची. पट्टीही मुलांच्या गळ्याची. मोठ्यांच्या खालच्या पट्टीत गायला लावलं, तर लहान मुलं गाण्याऐवजी पुटपुटतात.

पालक विचारतात, याचा अभ्यासाला उपयोग काय? 1983 साली लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की चार-पाच वर्षांच्या वयात ज्यांना यमकं आणि सारखे आवाज ओळखता येतात, ती मुलं पुढे वाचनातही सरस ठरतात. 'पुरे'ला 'उरे' शोधणारं मूल शब्दाची फोडच करत असतं. अर्थात, वर्गातल्या कुणालाही याच्याशी देणंघेणं नाही. त्यांना हत्ती बुडणार की नाही, एवढंच हवंय.

पुढे मोठ्या वर्गात यांना 'यमाताराजभानसलगा' भेटेल. वृत्तांचे आठही गण, म्हणजे लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरी गट, त्या दहा अक्षरांत ओळीने दडलेले आहेत: 'यमाता' म्हणजे लघु-गुरू-गुरू, 'मातारा' म्हणजे तिन्ही गुरू. अनेकांना तो रुक्ष पाठांतराचा मंत्र वाटतो. या मुलांना तो नवा खेळ वाटेल, असं मानायला हरकत नाही.

(दृश्य: मागच्या कोपऱ्यातून एक मुलगी ओरडते, "पाणघोडा!")

सात मात्रा. केरव्यात एक कमी, दादऱ्यात एक जास्त. बाई क्षणभर थांबतात, बोटांवर मोजतात. पाण, तीन. घो, दोन. डा, दोन. सात मात्रांच्या रूपक तालाचे तीन-दोन-दोन असे तिन्ही खंड नेमके भरलेत.

"उद्या तबला आणते," बाई म्हणतात. "पाणघोड्याला रूपक शिकवायचाय."